यादीतली फुलं

वास्फिये एबेच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या सोयुत्लू गावात कोणी म्हणालं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. सुईणीला आमच्याकडं एबे म्हणतात, आणि ही एबे म्हणजे चाळीस वर्षं कुलूप लावलेली पेटी. कुणाचं मूल लग्नानंतर सातव्या महिन्यात चांगलं गुटगुटीत होऊन आलं, कुणाचा पोरगा बापासारखा न दिसता काकासारखा दिसतो, सगळं तिच्या पोटात. नवऱ्यानं खोदून खोदून विचारलं तरी ती कधी बोलली नाही, शेवटी बिचारा विचारायचं सोडूनच वारला. आयुष्यात तिनं एकच गुपित फोडलं, आणि तेही एका दिवसात सहा घरी. त्याबद्दल आमच्या बायका आजही दोन तट करून भांडतात.

गावातल्या निम्म्या मुलींची नावं तिनंच ठेवलेली. रीत तिच्या सासूकडून आली होती, सासूकडं तिच्या सासूकडून. मुलगी झाली की नाळ कापायची, बाळ आईच्या छातीशी द्यायचं आणि दार उघडून बाहेर बघायचं. अंगणात, कुंपणाला, डोंगराच्या उतारावर पहिलं जे फूल दिसेल ते पोरीचं नाव. एप्रिलची लाले, म्हणजे ट्यूलिप. ताठ मानेची आणि थोडी गर्विष्ठ निघणार. मार्चची मेनेक्शे, म्हणजे पानाआड दडणारं जांभळं फूल. ती मुखदुर्बळ पण मनानं खोल. मे महिन्यातली ग्युल, गुलाब, तिचे लाड आणि तिचे काटे दोन्ही सोसायचे. जुलैची करनफिल, लवंगेच्या वासाचं फूल. ती जिभेची तिखट आणि औषधासारखी गुणकारी. मुलग्यांना मात्र आजोबांची नावं. वास्फिये म्हणायची, त्यांनाही फुलांची नावं ठेवली असती तर जरा मऊ तरी झाले असते मेले.

आणि ऐन थंडीत, बर्फाखाली काहीच फुललेलं नसताना? त्यावरही सासूनं तोड काढून ठेवली होती. आमच्या बायका डोक्याच्या रुमालाला सुईनं विणलेल्या बारीक फुलांचा काठ लावतात, आणि प्रत्येक काठ काहीतरी बोलत असतो. थंडीतल्या मुलीला आईच्या रुमालावरचं फूल मिळायचं. एकदा एका बाळंतिणीच्या रुमालाला लाल मिरच्यांचा काठ निघाला. नवऱ्याशी अबोला असला की आमच्याकडं मिरच्या लावतात, वेगळं सांगायची गरज पडत नाही. वास्फियेनं त्या नवऱ्याला ओट्यावर बोलावून सांगितलं, आधी बायकोची माफी माग, मग मी दुसरा रुमाल शोधते. त्यानं मागितली.

तिची स्वतःची नात अशीच जानेवारीतली. सुनेच्या रुमालाला पांढऱ्या सुंबुलचा काठ होता. सुंबुल कांद्यातून उगवतं, एकाच दांड्यावर दाट घोस येतो आणि एका फुलानं घरभर वास सुटतो. जांभळं सुंबुल प्रेमात पडलेलीनं विणायचं, पांढरं दिलेला शब्द पाळणारीनं. मुलीचं नाव सुंबुल ठेवलं हे सुनेनं ऐकलं, हसली, आणि तिसऱ्या दिवशी गेली. रक्त थांबलं नाही. चाळीस वर्षांत एबेच्या हातून गेलेल्या तीन बायका, त्यातली एक घरची. मुलगा दूरच्या खाणीत कामाला गेला तो वर्षातून दोनदा उगवायचा. त्यामुळं पोर आजीच्या हाताखालीच वाढली. आईचं म्हणून त्या पोरीकडं दुसरं काही नव्हतं, ते नाव तेवढं होतं.

तर एकोणीसशे चौऱ्यांशी सालच्या डिसेंबरात बल्गेरियाच्या सरकारनं ठरवलं की आमच्यासारखे तुर्क या देशात कोणी नाहीतच. जे आहेत ते सगळे मूळचे बल्गेरियन, आणि आता त्यांनी खुशीनं बल्गेरियन नावं घ्यायची आहेत. खुशीनं म्हणजे गावाला सैनिकांचा वेढा, रस्त्यावर चिलखती गाडी आणि टेबलावर अर्ज. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. डोंगरापलीकडच्या गावांत हे होऊन गेल्याची बातमी आली होती. तिथून आलेला एक जण सांगत होता की त्याला सकाळपासून स्वतःचं नवं नाव आठवत नाहीये.

आमच्या गावाची पाळी यायच्या दोन दिवस आधी स्टामेना वास्फियेच्या घरी आली. ही सरकारी दवाखान्यातली नर्स, जातीची बल्गेरियन. वीस वर्षं दोघींनी मिळून बाळंतपणं केलेली. एकीनं धरायचं, दुसरीनं ओढायचं, मग दोघींनी चुलीशी बसून भांडायचं. स्टामेनानं वास्फियेच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, म्हणजे कोणी खिडकीतून बघितलं तर काम दिसावं. आणि पंपाचा फुगा दाबत तुर्कीत पुटपुटली.

"परवा पहाटे येतायत. मला टेबलावर बसवणार आहेत, अक्षर चांगलं म्हणून."

वास्फियेनं खिडकीबाहेर नजर टाकली.

"ऐक नीट. नावांची छापील यादी आहे. त्यात करमफिला आहे, लाल्का आहे, मेनेक्शेसाठी तेमेनुगा आहे. आणि एबे, झुंबुला आहे."

वास्फियेनं तिच्याकडं बघितलं. "झुंबुला हे बल्गेरियन नाव?"

"यादीत आहे म्हणजे आहे. आम्हीही त्या फुलाला झुंबुलच म्हणतो. तुमच्याकडून घेतलेला शब्द, पण यादी करणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही."

पाचशे वर्षं एका मातीत राहिल्यावर आणखी काय होणार? वास्फियेची सासू सांगायची, इथले सुंबुलचे कांदे गाड्या भरभरून सुलतानाच्या बागेत जायचे. खरंखोटं तिलाच माहीत. पण फुलं या दारातून त्या दारात गेली तेव्हा नावंही बरोबर गेली एवढं खरं. आता ज्यांना तुर्की नाव पुसायचं होतं त्यांच्याच यादीत ते बसलं होतं. सुंबुलची झुंबुला. एक अक्षर घासलं जाणार, बाकी नाव शाबूत.

स्टामेनानं पट्टा सोडला आणि उठता उठता बजावलं, की पोरीनं न अडखळता नाव मागायचं. जो मागत नाही त्याच्यासाठी साहेब यादीवर बोट ठेवतो. "आणि हे तुझ्यापुरतं ठेव. एक फूल खपेल, दोन खपतील. सगळं गाव फुलं मागायला लागलं तर तो काही डोळे मिटून बसलेला नाही. त्यानं फुलं बंद केली तर तुझ्या पोरीचं गेलं. मग माझ्याकडं बघू नकोस."

वास्फियेनं मान डोलावली. गुपित ठेवणं तिला कोणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची रेम्झिये आली. तिची करनफिल आठ वर्षांची, दोन दिवस जेवत नव्हती. शाळेत कोणीतरी सांगितलं होतं की नाव बदललं की आई ओळखत नाही. रेम्झिये सांगता सांगता रडायला लागली. वास्फियेनं चहा ओतला. मनात हिशेब चालला होता, आणि तो हिशेब वाईट होता. नावं वरच्या आळीपासून पुकारणार, म्हणजे तिचं घर सगळ्यात शेवटी. ती ज्या ज्या पोरीला वाट दाखवेल ती सुंबुलच्या पुढं उभी असणार. दिलेलं प्रत्येक फूल नातीच्या ताटातून काढून द्यायचं होतं. आणि समोर रेम्झिये रडत होती. तिच्या करनफिलला या हातांनी पायाकडून ओढून काढलेलं होतं, निळं पडलेलं, उलटं धरून थोपटल्यावर रडलेलं.

"करमफिला माग," वास्फिये म्हणाली. "यादीत आहे. कुठून कळलं ते विचारू नकोस."

एकदा तोंड उघडल्यावर मग तिला घरात बसवेना. लालेच्या आईला काय सांगायचं, तुझी पोर मी काढली नव्हती म्हणून? रुमाल बांधून ती बर्फातून निघाली आणि पाच घरं फिरली. रेम्झियेचं धरून सहा. प्रत्येक दारात तेच सांगितलं आणि प्रत्येक दारातून परतताना स्वतःला शिव्या घातल्या. म्हातारे, हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस? घरी आल्यावर नातीला समोर बसवून घोकून घेतलं. सुंबुल म्हणायचं नाही, झुंबुला म्हणायचं. साहेबाकडं नाही, स्टामेनाबाईंकडं बघायचं. एकदाच, मोठ्यानं. पोर हुशार होती, तिला हा खेळ वाटला नाही. तिनं विचारलं, "आणि नाही दिलं तर?" आजी म्हणाली, देतील. त्या 'देतील'वर तिचा स्वतःचा विश्वास बसला नाही.

पहाटे गाड्या आल्या. कुत्री भुंकली आणि मग भुंकायची थांबली. सगळ्यांना शाळेत नेलं. वर्गात टेबल, टेबलाशी स्टामेना, शेजारी जिल्ह्याहून आलेला कॅप्टन स्टानिमिरोव, दाराशी दोन सैनिक. बाकीचं गाव बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून. दार उघडंच ठेवलेलं, म्हणजे आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. कॅप्टन ओरडत नव्हता. प्रत्येकाला विचारायचा, खुशीनं घेताय ना? आणि प्रत्येक जण हो म्हणायचा. हसन आत गेला तो आसेन होऊन बाहेर आला. ऐंशी वर्षांचा एक म्हातारा पेटको झाला आणि व्हरांड्यात येऊन टोपी हातात धरून उभा राहिला, ती डोक्यावर घालायचं त्याला सुचेना.

करनफिल आत गेली. वास्फियेनं नातीचा हात धरला.

"करमफिला," आतून आवाज आला. स्टामेनाची लेखणी कागदावर फिरली. झालं. रेम्झिये बाहेर आली तेव्हा तिनं वास्फियेकडं बघितलंसुद्धा नाही, इतकी ती घाबरली होती.

मग ग्युलची रोझा झाली. मध्ये चार घरं दुसरीच नावं घेऊन गेली, तेवढ्यात वास्फियेचा श्वास जरा खाली बसला. मेनेक्शेची तेमेनुगा झाली. चौथी फुलाची झाली, पाचवी झाली. मधली घरं आता कमी होत चालली होती. सहावी लाले. "लाल्का," ती म्हणाली, चांगली खणखणीत. कॅप्टननं सही केली आणि लेखणी खाली ठेवली.

"आज काय बाग लावायची आहे का?" त्यानं स्टामेनाला विचारलं. "ट्यूलिपला यांच्या भाषेत काय म्हणतात?"

स्टामेना वीस वर्षं तुर्कीत बाळंतिणींना धीर देत आली होती. ती म्हणाली, "मला त्यांची भाषा येत नाही, साहेब."

दाराशी उभा सैनिक कोवळा होता, त्याला वाटलं आपल्याला माहीत आहे तर सांगावं. "लाले म्हणतात, साहेब. आपणही लाले, तेही लाले. आमच्या गावात—"

कॅप्टननं हात वर केला तसा तो गप्प झाला. मग कॅप्टननं यादी ओढून घेतली आणि पेन्सिलीनं, घाई न करता, एकेक नाव खोडायला लागला. व्हरांड्यात पेन्सिलीचा आवाज येत होता. वास्फियेच्या पुढं आता दोनच घरं होती.

"फुलं बंद," कॅप्टन म्हणाला.

ती दोन घरं पाच मिनिटांत संपली. वास्फिये नातीला घेऊन आत गेली. दारात तिनं पोरीच्या कानाशी वाकून म्हटलं, नको म्हणूस, गप्प राहा. पण पोरीनं आदल्या दिवशी जे घोकलं होतं ते तिच्या जिभेवर बसलं होतं. ती स्टामेनाकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "झुंबुला."

"नाही," कॅप्टन म्हणाला.

"झुंबुला."

सैनिकानं पायांवरचं वजन बदललं. वास्फियेनं पोरीचा खांदा इतका घट्ट दाबला की पोर कळवळली. स्टामेना मान खाली घालून बसली होती, लेखणीच्या टोकाशी शाईचा थेंब जमला होता. कॅप्टननं यादीवर बोट ठेवलं, बघून न बघितल्यासारखं.

"दोन्का. लिहा."

स्टामेनानं लिहिलं. पोर रडली नाही. ती टेबलाकडं बघत राहिली, जणू तिथं आपलं काही पडलंय आणि कोणीतरी ते उचलून खिशात टाकलंय.

"आता तू, आजी. काय घेतेस?"

वास्फियेनं हे ठरवलेलं नव्हतं. पुढं कोणी विचारलं तर ती तेच सांगायची, की मला सुचलं तिथंच, टेबलापाशी.

"झुंबुला," ती म्हणाली.

कॅप्टन खुर्चीत मागं टेकला. "नातीला दिलं नाही म्हणून?"

"ती लहान आहे, तिला काय कळतंय. ते नाव मी तिला शिकवलं, कारण मला आवडलं होतं. साहेब, तुम्ही सकाळपासून सगळ्यांना विचारताय, खुशीनं घेताय ना. सगळे हो म्हणतात आणि ते किती खरं हे तुम्हालाही माहीत आहे. मी स्वतः मागतेय. साऱ्या सोयुत्लूत खुशीनं नाव घेणारी मी एकटीच निघेन. तीही नको का तुम्हाला?"

स्टामेनानं मान वर केली नाही, पण तिची लेखणी कागदाच्या वर तरंगत थांबली. कॅप्टन म्हातारीकडं बराच वेळ बघत राहिला. अडुसष्ट वर्षांची, दोन दात पडलेले, हात आकड्यासारखे वाकलेले. मग त्याला हसू आलं, खरंखुरं.

"हे बाहेरच्यांना ऐकू येऊ दे. मोठ्यानं म्हण."

वास्फिये दाराकडं वळली. व्हरांड्यात अर्धं गाव उभं होतं, त्यातली निम्मी तिनं जगात आणलेली.

"मी खुशीनं घेते," ती म्हणाली.

"लिहा," कॅप्टन स्टामेनाला म्हणाला. "झुंबुला. वाळकं फूल, पण हरकत नाही."

बाहेर पडताना कोणी तिला वाट करून दिली नाही. सहा पोरींच्या आयासुद्धा भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. घराच्या दाराशी थांबून सुंबुल एकच वाक्य बोलली.

"तू माझं नाव घेतलंस."

वास्फियेला वाटलं आता सगळं समजावून सांगावं. पण भिंतीपलीकडं कोण ऐकत असेल ते सांगता येत नव्हतं, आणि समजावून सांगितलेली गोष्ट दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून शाळेत बाहेर पडली असती. ती म्हणाली, "हो, घेतलं." त्या रात्री पोर जेवली नाही. तीन दिवस आजीशी बोलली नाही. शेजारपाजारचंही कोणी दार वाजवायला आलं नाही. वास्फियेला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, सून गेली तेव्हासुद्धा नाही, आणि ती चुलीशी बसून एकटीच रडली.

शिपाई गावात ठेवूनच दिले होते. आळीच्या तोंडाशी एक जण उभा असायचा, हातात वही. रस्त्यावर तुर्की बोललं, जुन्या नावानं हाक मारली, की नाव लिहून दंड. आया दारात येऊन तोंड उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. हाक कशी मारायची हेच कोणाला समजेना. पोरी लांब उभ्या राहून हातांनी खुणा करायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी सुंबुल झऱ्यावर पाणी भरत होती. करनफिलला ताप होता आणि तिला मैत्रीण हवी होती. रेम्झिये फाटकात आली. समोर शिपाई. रेम्झिये त्याच्याकडं बघत उभी राहिली, आणि म्हातारीनं ते नाव का मागितलं ते तेव्हा तिला समजलं. समजल्यावर तिला फाटकाचा खांब धरावा लागला, असं ती नंतर सांगायची.

"झुंबुला!" तिनं हाक मारली. पार झऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशी.

शिपायानं वही उघडली. "कोणाला बोलावतेस?"

"त्या म्हातारीला. खालचं शेवटचं घर. कागद बघा, सरकारनं दिलेलं नाव आहे, त्या नावानं तरी मारू द्याल ना हाक?" आणि पुन्हा, झऱ्याकडं तोंड करून, "झुंबुला, ये गं!"

शिपायानं वहीत बघितलं. झुंबुला, वय अडुसष्ट, खालचं घर. बरोबर होतं. त्यानं वही मिटली.

झऱ्यावर पोरीनं मान वर केली. रेम्झियेकडं बघितलं, मग स्वतःच्या घराकडं. कळशी तशीच वाहत्या धारेखाली राहिली. "आले!" ती ओरडली आणि चढावरून धावत सुटली.

वास्फिये खालच्या घरात कणीक मळत होती. खिडकी उघडी होती. दोन्ही हाका तिला स्वच्छ ऐकू आल्या. तिनं ओ दिली नाही.